शिवडीचा करडा-पांढरा बगळा, आणि रंगाने चकवणारे इतर पाणपक्षी

प्रश्न थोडक्यात असा: शिवडीच्या धक्क्याजवळ ओहोटीच्या वेळी लहान बगळ्यांमध्ये एक करडा बगळा दिसला. मानेवर आणि पंखांवर पांढरी पिसं विखुरलेली, चोच पिवळट तपकिरी, पाय काळपट, पंजे पिवळे. हा ल्युसिस्टिक, म्हणजे जन्मजात बिघाडाने पांढरी पिसं आलेला राखी बगळा आहे, संकर आहे की आजारी पक्षी आहे? आणि असे वेगळ्या रंगाचे पाणपक्षी दिसले तर त्यांची ओळख कशी पटवायची?

या वर्णनावरून तो समुद्री बगळा आहे, म्हणजे पक्षीनिरीक्षकांच्या बोलण्यातला रीफ एग्रेट. रंगात बिघाड नाही, आजारही नाही. या जातीत करडा आणि पांढरा असे दोन रंगप्रकार मुळातच असतात, आणि दोन्हींच्या मधले ठिपकेदार पक्षीही असतात. करड्या प्रकारातल्या पहिल्या वर्षाच्या पक्ष्यांत पांढरी पिसं मिसळलेली असणं नेहमीचंच. पूर्ण वाढलेल्या करड्या पक्ष्याची हनुवटी आणि गळा पांढरा असतो, आणि अनेकांच्या पंखाच्या पुढच्या भागात पांढऱ्या पिसांचा छोटा पुंजका असतो. बसलेला असताना तो झाकला जातो, उडाला की एकदम चमकतो. मुंबईच्या किनाऱ्यावर ‘ल्युसिस्टिक बगळा’ म्हणून फिरणाऱ्या फोटोंमधले बरेचसे पक्षी हेच असतात.

राखी बगळा बाद करायला आकार पुरेसा आहे. तो ९० सेंटिमीटरच्या पुढचा, शेजारच्या लहान बगळ्याच्या जवळजवळ दीडपट. समुद्री आणि लहान बगळा मात्र एकाच मापाचे, साधारण ५५ ते ६५ सेंटिमीटर. त्यांच्यात फरक चोचीत शोधायचा. लहान बगळ्याची चोच बारीक, सरळ आणि काळी. समुद्री बगळ्याची बुडाशी जाड, टोकाकडे किंचित खाली झुकलेली, पिवळट ते तपकिरी. लहान बगळ्याच्या पिल्लांची चोचही बुडाशी फिकट असते, म्हणून नुसत्या रंगावर न जाता जाडी आणि वाक बघा. पंजे दोघांचेही पिवळे असतात, पण समुद्री बगळ्यात तो पिवळा रंग बऱ्याचदा पंजाच्या वर नळीपर्यंत, म्हणजे पायाच्या उघड्या खालच्या भागावर, चढलेला दिसतो.

संकराबद्दल: या दोन जातींचा संकर होतो, त्यामुळे ती शक्यता हवेतली नाही. पण संकर म्हणायला चोचीची जाडी, पायांचा रंग आणि पिसारा हे तिन्ही दोन जातींच्या मधले दिसायला हवेत. पिसारा मिश्र आणि चोच पूर्णपणे समुद्री बगळ्याची असेल, तर तो समुद्री बगळाच. आणि चोच बारीक काळी, पण अंग करडं असा पक्षी दिसला तर तो खरोखर जपून नोंदवा, कारण लहान बगळ्याचा गडद प्रकार फार दुर्मीळ आहे.

या उदाहरणात जे केलं तेच प्रत्येक वेळी करायचं. आधी रंग बाजूला ठेवून घडणीवरून जात ठरवायची. अंगाचा आकार, चोचीची लांबी-जाडी-वाक, पायांची लांबी, मानेची ठेवण, चालण्याची आणि खाण्याची पद्धत. जनुकीय बिघाडाने पिसं पांढरी होतील, पण चोच लांब होणार नाही. जात पक्की झाल्यावर रंगाची कारणं क्रमाने तपासायची: रंगप्रकार, वय, विणीचा हंगाम आणि पिसं पालटणं, डाग, प्रकाश आणि कॅमेरा. या पाचांतून काहीच लागू पडलं नाही तरच बिघाडाचा विचार करायचा. उलट क्रमाने गेलं की चुका होतात, कारण ‘वेगळा’ असं एकदा मनात बसलं की माणूस पुरावे त्याच बाजूने गोळा करू लागतो.

सगळ्यात जास्त फसवणूक मार्च ते मे या काळात होते. ठाणे खाडीत आणि उरणच्या पाणथळींवर हिवाळा काढणारे किनारपक्षी निघण्याआधी विणीचा पिसारा चढवू लागतात, आणि तो एका दिवसात चढत नाही. एप्रिलमध्ये कर्ल्यू सँडपायपरच्या पोटावर विटकरी ठिगळं दिसतात, ग्रे प्लोव्हरच्या पांढऱ्या पोटावर काळे डाग पडतात, सँड प्लोव्हरच्या छातीवर अर्धवट तांबूस पट्टा उमटतो, गॉडविटची मान लालसर होते. अशी ठिगळं पाहून बिघाडाची शंका येते. इथे थव्याकडे बघा. त्याच जातीचे आणखी चार-पाच पक्षी शोधा. एक जेमतेम सुरुवातीला, एक अर्ध्यावर, एक जवळजवळ पूर्ण रंगलेला अशी मालिका सापडली तर प्रश्न मिटला. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हेच उलट क्रमाने घडतं. आधी येणारे प्रौढ झिजलेल्या, विटलेल्या विणीच्या पिसाऱ्यात असतात आणि मागाहून येणारी त्या वर्षीची पिल्लं नव्याकोऱ्या, फिकट किनारीच्या खवलेदार पिसांत. एकाच जातीचे हे दोन गट शेजारी उभे असले की दोन वेगळ्या जाती वाटतात.

रफ या पक्ष्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण भांडुप पंपिंग स्टेशनच्या परिसरात किंवा उरणकडे तो दिसला की गोंधळ ठरलेला. नर २६ ते ३२ सेंटिमीटर आणि मादी २० ते २५, इतका फरक की एका थव्यात दोन जाती आहेत असंच वाटतं. त्यात हिवाळ्यातही काही नरांचं डोकं आणि मान पांढरीशुभ्र असते. हा ल्युसिझम नाही, या जातीतला साधा वैयक्तिक फरक आहे. ओळखायला छोटं डोकं, लांबट मान, पोटाचा फुगीरपणा, मध्यम लांबीची किंचित खाली वाकलेली चोच आणि पाठीवरची मोठी, सैल, खवलेदार पिसं पाहा. पायांचा रंग नारिंगी ते हिरवट काहीही असू शकतो, त्यावर विसंबू नका.

कुरवांचं तसंच. मार्चमध्ये डोक्यावर अर्धवट टोपी चढलेले कुरव पाहून ‘हा कोणता?’ असा प्रश्न पडतो. टोपी सोडा, पंखाचं टोक पाहा. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं टोक काळं आणि त्यात स्पष्ट पांढरे ठिपके. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड लांब पांढऱ्या पाचरीसारखी. डोळ्याचा फिका रंग प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवात उपयोगी पडतो, पण पहिल्या हिवाळ्यातल्या पक्ष्याचा डोळा गडद असतो, म्हणून तो एकटा पुरावा धरू नये.

बदकांमध्ये गडबड हिवाळ्याच्या सुरुवातीला. नर थापट्या ऑक्टोबरमध्ये मादीसारख्या पिसाऱ्यात येतो आणि मग काही आठवडे त्याच्या चेहऱ्यावर, चोच आणि डोळ्याच्या मधे, फिकट चंद्रकोर दिसते. ती पाहून परदेशी जातीचं नाव सुचवलं जातं. पिवळा डोळा आणि पंखाच्या पुढच्या भागाचा फिकट निळा रंग पाहिला की तो आपला नेहमीचा नर थापट्या आहे हे कळतं. गार्गनीचा नर तर त्याहून उशिरा रंगतो. जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत मादीसारखाच राहू शकतो. शहरातल्या तलावांवर पांढरी किंवा काळी-पांढरी जड बदकं दिसली तर ती बहुधा पाळीव असतात, चेहऱ्यावर लाल मांसल गाठी असलेली मस्कोव्ही किंवा पिवळ्या चोचीची पांढरी पाळीव बदकं. त्यांना ‘अल्बिनो हळदीकुंकू बदक’ म्हणू नये.

बगळ्यांचा विणीचा रंग बहुतेकांना ठाऊक असतो: गायबगळ्याचं केशरी डोकं, वंचकाची तपकिरी-मरून पाठ. पिसांइतकीच उघडी कातडीही बदलते हे मात्र सहसा लक्षात राहत नाही. मोठ्या बगळ्याची पिवळी चोच विणीच्या दिवसांत काळी होते आणि डोळ्यापुढची कातडी हिरवी-निळी होते. लहान बगळ्याची तीच कातडी काही दिवस गुलाबी-लाल होते. वंचकाचे पाय लालसर होतात. हे रंग थोड्याच दिवसांत येतात आणि ओसरतात. म्हणून ‘काळ्या चोचीचा मोठा बगळा’ ही नवी जात नाही. मोठा आणि मध्यम यांत शंका असेल तर तोंडाची चीर पाहा: मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्या मागे जाते, मध्यम बगळ्यात डोळ्याखालीच संपते. ग्लॉसी आयबिसच्या डोक्या-मानेवरच्या पांढऱ्या रेघा वयाच्या आणि विणीबाहेरच्या पिसाऱ्याच्या असतात, बिघाडाच्या नाहीत. मोठ्या पाणकावळ्याच्या पिल्लांचं पांढुरकं पोटही तसंच.

आता रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, ज्याबद्दल मुंबईत सर्वात जास्त विचारणा होते. ठाणे खाडी रोहित अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, आणि तेव्हापासून मोबाइल घेऊन येणारे खूप वाढले. ‘पांढरा फ्लेमिंगो’, ‘राखाडी फ्लेमिंगो’ असे फोटो दर हंगामात फिरतात. रोहिताचा गुलाबी रंग कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा असतो आणि ती अन्नातून, सूक्ष्म शेवाळ आणि छोट्या कवचधारी जिवांतून येतात. पिल्लू करड्या-तपकिरी रंगाचं, पाय आणि चोच काळपट; पुरता गुलाबी व्हायला तीन-चार वर्षं लागतात. मधल्या काळातला पक्षी पांढुरका दिसतो. खरा बिघाड तपासायची जागा म्हणजे उघडा पंख. रोहिताच्या उड्डाणपिसांचा काळा रंग मेलॅनिन या काळ्या-तपकिरी रंगद्रव्याचा असतो, गुलाबीचा त्याच्याशी संबंध नाही. अंग कितीही फिकं असलं तरी उडताना पंखाची मागची अर्धी बाजू काळीकुट्ट दिसली, तर तो ल्युसिस्टिक नाही, तरुण आहे किंवा त्याच्या अन्नात रंगद्रव्य कमी आहे. अंग गुलाबी आणि उड्डाणपिसं पांढरी असतील, तर मात्र फोटो नीट जपून ठेवा. उलट टोकाचं उदाहरणही आहे: सायप्रसमधल्या अक्रोतिरीच्या खारट तळ्यावर २०१५ मध्ये पूर्ण काळा मोठा रोहित दिसला होता, मेलॅनिनच्या अतिरेकाने झालेला. लहान आणि मोठा रोहित यांत फरक करताना गुलाबी किती गडद यावर जाऊ नका. लहान रोहिताची चोच गडद किरमिजी, दुरून काळीच वाटणारी, आणि मोठ्याची फिकट गुलाबी, फक्त टोक काळं.

डागांची खूण सोपी आहे. पिसाचा स्वतःचा रंग पिसाच्या कडेला थांबतो. डाग कडा ओलांडून जातो. खाडीचा चिखल पाय, पोट, शेपटीखाली आणि चोचीभोवती लागतो, पाठीवर क्वचित. लोहयुक्त पाण्यात चरणाऱ्या पक्ष्यांची डोकी-माना तांबूस होतात. तेल लागलेल्या पक्ष्याची पिसं चिकटून झुपके होतात, पक्षी सारखा पिसं साफ करत राहतो आणि पाण्यात उतरायचं टाळतो. असा पक्षी दिसला तर ओळखीचा खटाटोप बाजूला ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. स्वतः चिखलात उतरून पकडायला जाऊ नका. खाडीचा चिखल कमरेपर्यंत खेचतो आणि घाबरवलेला पक्षी आणखी थकतो.

एवढं सगळं बाद झाल्यावर खरे बिघाड उरतात, आणि त्यांची नावं इथे सर्रास चुकतात. अल्बिनो म्हणजे ज्याच्या शरीरात मेलॅनिन तयारच होत नाही असा पक्षी. त्याचा डोळा गुलाबी-लाल दिसतो आणि पिसांत काळ्या-तपकिरीचा मागमूस नसतो. म्हणून ‘अर्धवट अल्बिनो’ असं काही नसतं. अशा पक्ष्यांची नजर अधू असते आणि ते फार जगत नाहीत, त्यामुळे प्रौढ अल्बिनो पाणपक्षी दिसणं जवळजवळ अशक्य. ल्युसिझममध्ये रंगपेशी त्वचेच्या काही भागांत किंवा सगळीकडेच पोचत नाहीत. तिथली पिसं जन्मापासून शुभ्र असतात आणि आयुष्यभर तशीच राहतात. डोळा मात्र नेहमीच्या रंगाचा, कारण डोळ्यातल्या रंगपेशींचा उगम वेगळा असतो. पांढरे भाग बहुतेकदा डोकं, पंखांची टोकं, पोट इथे आणि दोन्ही बाजूंना साधारण सारखे.

पण पांढरी पिसं दिसली म्हणून ल्युसिझम म्हणणंही घाईचं. वय वाढेल तशी रंगपेशी गमावणारे पक्षी असतात. प्रत्येक वेळी पिसं पालटली की पांढरी पिसं वाढतात, विखुरलेली, दोन्ही बाजूंना जुळतीलच असं नाही. अन्नाच्या तुटवड्यानेही पिसं फिकट किंवा पट्टेदार उगवतात आणि चांगलं अन्न मिळाल्यावर पुढच्या पिसाऱ्यात पुन्हा नीट येतात. वारकऱ्यासारख्या काळ्या पक्ष्यात पांढरी ठिगळं चटकन उठून दिसतात, म्हणून अशा नोंदी अधिक. एकाच फोटोवरून कारण ठरत नाही. तोच पक्षी पुढच्या हंगामात पुन्हा दिसला आणि पांढरं वाढलं असेल, तरच रंग गमावल्याचं म्हणता येतं. तोवर नोंदीत ‘पांढरी पिसं, कारण अनिश्चित’ असं लिहिणं जास्त प्रामाणिक.

तिसरा प्रकार तपकिरी बिघाडाचा. यात मेलॅनिन पुरतं पिकत नाही. काळं असायला हवं ते तपकिरी होतं आणि आपल्या उन्हात झपाट्याने विटून पांढुरकं पडतं. पक्षी जवळजवळ पांढरा दिसतो, म्हणून ल्युसिस्टिक समजला जातो. फरक पंख उघडल्यावर कळतो. एकावर एक बसलेल्या पिसांचा जो भाग उन्हापासून झाकलेला राहतो, तो तपकिरी उरलेला असतो. म्हणूनच उडतानाचा किंवा पंख ताणतानाचा फोटो शंभर बसलेल्या फोटोंपेक्षा मोलाचा. मेलॅनिन पिसाला मजबुतीही देतं, त्यामुळे रंग हरवलेली पिसं टोकांशी लवकर झिजून फाटतात. फाटकी टोकं हाही पुरावाच. आणि जांभळ्या पाणकोंबडीसारख्या पक्ष्याचा निळा रंग पिसाच्या रचनेतून येतो, पण तो दिसायला खाली मेलॅनिनचा गडद थर लागतो. थर गेला की निळाही जातो. चोचीची लाली मात्र कॅरोटिनॉइडची, ती टिकते. लाल चोचीची पांढरी पाणकोंबडी दिसली तर डोळ्याचा रंग पाहायला विसरू नका.

आता जागा आणि वेळ. शिवडी आणि भांडुप खाडीच्या पश्चिम काठावर आहेत, म्हणजे सकाळचं ऊन थेट समोरून येतं आणि पक्षी नुसत्या काळ्या सावल्या होतात. रंगाबद्दल काही म्हणायचं असेल तर तिथे दुपारनंतर जा. ऐरोली, वाशी, नेरुळ पूर्व काठावर. खाडीकडे पाहायचं तर तिथे सकाळ चांगली. भरतीची वेळ कोळ्यांच्या हिशेबाने ढोबळ काढता येते: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास; पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास. निघण्याआधी छापील वेळापत्रकाशी ताडून घ्या. शिवडीला पौर्णिमा-अमावास्या आणि पुढचे दोन दिवस सोयीचे: दुपारी भरती, दोनेक तासांनी काठाजवळचा चिखल उघडा पडतो, पक्षी जवळ येतात आणि ऊन तुमच्या पाठीशी असतं. ऐन भरतीला चिखल बुडालेला असतो तेव्हा थवे नवी मुंबईच्या आतल्या पाणथळींवर जाऊन विसावतात. तिथे ते शांत उभे असतात, म्हणून डोळा आणि पाय पाहायला ती वेळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहानंतर चिखलावर हवा थरथरते आणि ६० पट स्कोपही उपयोगाचा राहत नाही. २० ते ३० पटींवर थांबा.

कॅमेऱ्यात पांढऱ्या पक्ष्याची वाट लागते ती एक्स्पोजरमुळे. गडद चिखलाच्या पार्श्वभूमीवर कॅमेरा चित्र उजळवतो आणि पांढऱ्या पिसांतले तपशील जळून जातात; मग फिकट तपकिरी पक्षीही शुभ्र दिसतो. एक्स्पोजर पाऊण ते सव्वा स्टॉप खाली ठेवा, व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता ‘डेलाइट’वर पक्का करा आणि रॉ फाइल जपा. त्याच चौकटीत त्याच जातीचा नेहमीच्या रंगाचा पक्षी आला तर उत्तम, कारण रंगाची तुलना त्याच प्रकाशात होते. मोबाइलच्या लांब झूमवर भरवसा नको. सॉफ्टवेअर नसलेली पिसं भरून काढतं. सूर्यास्ताच्या उजेडात प्रत्येक बगळा गुलाबी असतो, त्या फोटोंवरून रंगाचा दावा करू नका.

वहीत जागच्या जागी लिहायचं ते असं: ‘शिवडी, दुपारी ३.४०, ओहोटी, ऊन मागून, अंतर अंदाजे ४० मीटर. लहान बगळ्याएवढा. चोच जाड, टोकाला वाक, पिवळट तपकिरी. डोळा पिवळा. नळी काळपट हिरवी, पंजे पिवळे. अंग करडं; पांढरी पिसं मानेच्या पुढे आणि उजव्या पंखावर; डावा पंख दिसला नाही. धावत मासे पकडत होता.’ ‘दिसला नाही’ हे लिहिणं महत्त्वाचं. एकच बाजू पाहून दोन्हीकडे सारखं आहे असं गृहीत धरलं तर पुढचा सगळा निष्कर्ष कच्चा राहतो.

नोंद ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, टाकताना जात नक्की असेल तर जातीचंच नाव निवडा आणि रंगाचं वर्णन टिपणीत लिहा. लहान की समुद्री याचा निर्णय होत नसेल तर दोन्हींचा जोड-पर्याय निवडा. फोटो कातरलेला आणि मूळ, दोन्ही जोडा. पायात रंगीत कडी किंवा झेंडी दिसली तर रंग, कोणत्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, आणि अक्षरं-आकडे टिपून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा. फोर्टमधल्या हॉर्नबिल हाउसमध्ये त्यांचं कार्यालय आहे. तुमच्या बगळ्याचे उडतानाचे फोटो असतील तर पंखाच्या पुढच्या भागातला पांढरा पुंजका दोन्ही बाजूंना आहे का ते आधी पाहा. चोच मी वर सांगितली तशी असेल, तर पुंजका एका बाजूला असो की दोन्ही, नोंद समुद्री बगळ्याचीच करा आणि टिपणीत ‘मधला रंगप्रकार किंवा पहिल्या वर्षाचा पक्षी’ असं लिहा.